फुलांची मांडणी : आपल्याच कलांकडून काय घ्यावे?

(जिवती येथे फूल उत्पादक शेतकरी आणि महिला बचत गटांपुढे केलेले भाषण)



मला आज पुष्परचना या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेतील काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. पहाडावर उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, कापसाच्या भावाचा भरवसा नाही, आणि या बाई फुले कशी खोचावीत ते सांगायला आल्या, असे कोणाला वाटले असेल तर त्यात काही गैर नाही. म्हणून आधी पैशाचेच बोलते.

आपल्यापैकी काही शेतकरी विहिरीच्या कडेला किंवा तुरीच्या शेजारी चार-सहा गुंठे झेंडू लावतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोती भरून गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर गाठायचे, हा आपला बाजार. आदल्या रात्री फुलाला सोन्याचा मान असतो आणि दसऱ्याच्या दुपारी तेच फूल बाजाराच्या कडेला ढीग करून टाकून रिकामी गाडी परत आणावी लागते. हे ज्याने एकदा भोगले, त्याला वेगळे सांगावयास नको. याचे कारण सरळ आहे. सगळ्यांचे फूल एकाच जातीचे, एकाच दिवशी, एकाच रूपात म्हणजे सुटे बाजारात येते. ते दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. व्यापाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

यावर उपाय दोन. फुलाची वेळ बदलणे हा एक आणि फुलाचे रूप बदलणे हा दुसरा. वेळेबद्दल शेवटी थोडे सांगेन. आजचा विषय रूपाचा आहे. साधा हिशेब करा. मध्यम आकाराचे झेंडूचे फूल सात-आठ ग्रॅम भरते, म्हणजे किलोत सुमारे सव्वाशे फुले. फुलाला फूल लावून ओवले तर मीटरभर तोरणाला वीस-पंचवीस फुले लागतात, मध्ये आंब्याचे पान घातले तर त्याहून कमी. किलोभर फुलांची पाच तोरणे होतात. तुमच्या गावच्या बाजारात किलोचा भाव काय आणि तयार तोरणाचा भाव काय, हे तुम्हीच मला सांगा. मी आकडा सांगणार नाही, कारण तो दर वर्षी बदलतो. पण दोन्ही भाव सारखे असल्याचे माझ्या पाहण्यात कधी आलेले नाही. त्या फरकात तुमच्या हाताची मजुरी आहे आणि तुमच्या डोळ्याची किंमत आहे. डोळ्याची किंमत कशी वाढवावयाची, एवढेच मी आज बोलणार आहे.

आता माझी एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका बचत गटाचे प्रशिक्षण घ्यावयास मी पहाडावर आले होते. नागपूरहून ग्लॅडिओलस, जरबेरा आणि हिरव्या स्पंजच्या विटा घेऊन जीपने निघाले. घाट चढेपर्यंत निम्म्या जरबेराच्या माना पडल्या. उरलेल्या फुलांची एका परदेशी पुस्तकातील त्रिकोणी रचना करून दाखविली. बायकांनी ती जशीच्या तशी करून दाखविली, अगदी माझ्यापेक्षा नीटनेटकी. मी खूश झाले. मग एकीने विचारले, "मॅडम, ही फुलं सरल्यावर काय खोचायचं?" मला उत्तर देता आले नाही. नागपूरच्या फुलाशिवाय आणि दुकानातल्या स्पंजशिवाय जी रचना उभीच राहत नाही, ती शिकवून मी त्यांचा दिवस वाया घालविला होता. त्या दिवशी परत जाताना खिडकीतून शेताच्या धुऱ्यावर कुरडू दिसले, पुढे उतारावर पिवळा तरवड दिसला. तेव्हा लक्षात आले की, या दोन फुलांवर एक संपूर्ण कला इथून हाकेच्या अंतरावर उभी आहे आणि मी नागपूरहून स्पंज घेऊन आले!

ती कला म्हणजे बतुकम्मा. आपल्यापैकी ज्यांच्या सोयरिकी आदिलाबाद, आसिफाबादकडे आहेत त्यांनी ती पाहिलेली आहे. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तेलंगणातील बायका फुलांचे थर रचून एक उंच गोल शिखर तयार करतात, ते मध्ये ठेवून टाळ्या वाजवीत फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी तळ्यात किंवा नदीत सोडतात. २०१४ साली तेलंगण राज्य झाले तेव्हा या सणाला राज्याचा सण म्हणून मान्यता मिळाली आणि तरवडाचे फूल, ज्याला तिकडे तंगेडू म्हणतात, ते राज्याचे फूल ठरले. आपल्याकडे याच दिवसांत भुलाबाईची गाणी असतात, देशावर भोंडला असतो. फेर तोच, पण फुलांचे शिखर रचण्याची रीत तिकडची.

हे शिखर कसे रचतात ते बारकाईने पाहा, कारण सगळी विद्या त्यात आहे. खाली पितळी ताट किंवा परात. तिच्यावर भोपळ्याची पाने. कडेने फुलांची पहिली ओळ लावावयाची, सगळ्या फुलांची तोंडे बाहेर आणि देठ आत. आतली पोकळी पानांनी, देठांच्या तुकड्यांनी दाबून भरावयाची. त्यावर दुसरी ओळ, थोडी आत. मग तिसरी. कुरडूची तुरे गाठी बांधून एका थराला, तरवड दुसऱ्या थराला, झेंडू तिसऱ्या, शेवंती चौथ्या. वर जावे तसा घेर लहान होत जातो आणि माथ्यावर भोपळ्याचे फूल व हळदीची गौरी. स्पंज नाही, तार नाही, टाचणी नाही. देठांच्या दाबावर आणि थरांच्या वजनावर सगळे उभे राहते.

आता हा आकार कोठून आला, याचा विचार करा. तो देवळाच्या गोपुराचा आकार आहे. दगडाच्या कामात थरावर थर चढवीत, प्रत्येक थर किंचित आत घेत शिखर उभे करतात. तीच युक्ती फुलात वापरली आहे. आपल्याला ही थरांची युक्ती पाहावयाला दक्षिणेत जाण्याचे कारण नाही. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. तेथे यात्रेला पुष्कळजण गेला असाल. पुढच्या वेळी दर्शन झाल्यावर देवळाला बाहेरून एक फेरी मारा आणि मूर्तींकडे न पाहता मूर्तींमधल्या आडव्या पट्ट्यांकडे पाहा. मूर्तींची एक ओळ, मग साधी पट्टी, मग नक्षीची बारीक पट्टी, पुन्हा मूर्ती. साधी पट्टी नसती तर मूर्ती एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. फुलांच्या थरातही असेच होते. झेंडूवर झेंडू, त्यावर पुन्हा झेंडू रचला की लांबून नुसता नारिंगी ढीग दिसतो. मध्ये कुरडूचा फिकट थर किंवा आंब्याच्या पानांची हिरवी पट्टी आली की प्रत्येक थर वेगळा उठून दिसतो, आणि फुलेही कमी लागतात. लग्नाच्या मांडवाचे खांब, गणपतीची आरास, सभेच्या व्यासपीठाची कड, सगळीकडे ही एक गोष्ट लागू पडते.

दुसऱ्या कलेकडून घ्यावयाचे ते असे. चित्र उचलावयाचे नाही, मांडणीची युक्ती उचलावयाची. देवळाचे चित्र फुलांत काढले तर ते हास्यास्पद दिसते. देवळाच्या थरांची युक्ती घेतली तर ती फुलांचीच होऊन जाते.

आणखी एक पाहा. भंडारा-नागपूरकडची करवतकाठी टसर साडी तुमच्यापैकी कोणाच्या घरी असेल. टसरचे कोष आपल्या गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवितात, तेव्हा ही साडी काही परकी नव्हे. तिच्या काठाला करवतीसारखे दाते असतात. काठाचा रंग आणि अंगाचा रंग सरळ रेषेत भेटत नाहीत, एकमेकांत दात रोवून भेटतात. त्यामुळे दोन अगदी वेगळे रंगही भांडत नाहीत. फुलांचा गालिचा किंवा पडदा करताना पिवळा आणि गर्द तांबडा एकमेकांशेजारी आले की डोळ्याला टोचते, अशी तक्रार असते. तेथे सरळ रेघ टाळा. पिवळ्याची तीन फुले तांबड्यात शिरू द्या, तांबड्याची तीन पिवळ्यात. मी हे अनेकदा करून पाहिले आहे, लगेच फरक पडतो.

आपल्या तांड्यांवरच्या बंजारा भगिनींना तर मी काय सांगावे! त्यांच्या भरतकामात आधी कापडाचे चौकोन पाडतात, कड राखतात, मग एकेक चौकोन वेगळ्या टाक्याने भरतात, मध्ये आरसा किंवा कवडी. हीच रीत पाकळ्यांच्या रांगोळीला घ्यावी. आमच्याकडे मुली रांगोळीला बसल्या की मधून सुरुवात करतात आणि कडेला पोचेपर्यंत फुले संपतात. आधी कड, मग चौकोन, मग भरणे, असे केले तर किती फूल लागेल याचा अंदाज पहिल्या चौकोनातच येतो. शिवाय पाकळ्यांच्या कामाला डागी, तुटकी, लहान फुले चालतात. प्रतवारी करताना बाजूला टाकलेला माल येथे खपतो. केरळात ओणमच्या दहा दिवसांत घराघरांपुढे अशी फुलांची गोल रांगोळी घालतात. त्या एका रांगोळीपायी तमिळनाडू आणि कर्नाटकातील शेतकऱ्यांचा झेंडू ट्रक भरभरून केरळात जातो. शेतकरी एका राज्यात आणि रांगोळी दुसऱ्या राज्यात. लोकांना एखादी मांडणी आवडली की मागणी आपोआप शेतापर्यंत चालत येते, ती अशी.

दिवाळीत गोंड बांधवांची दंडार निघते. सीमेपलीकडे मारलावाई गावचे गुस्साडी नर्तक कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली होती, हे तुम्हांला माहीत असेल. गुस्साडीच्या डोक्यावरचा मोरपिसांचा मुकुट पाहा. शेकडो पिसे, पण सगळ्यांचा उगम खाली एका बांधात आहे, तेथून ती चोहीकडे उमलतात आणि डोळे सगळे बाहेरच्या अंगाला. व्यासपीठामागे किंवा दाराशी मोठी उभी रचना करावयाची असेल तर यासारखा गुरू नाही. सगळे दांडे एका जागेतून निघाले पाहिजेत. आपण चूक येथेच करतो. दांडे परातीत जागोजागी खोचतो आणि रचना विस्कटलेल्या केसांसारखी दिसते. कुरडूचे लांब तुरे, ज्वारीची कणसे, गवताचे तुरे एका घट्ट बांधात घ्या, मधले उंच, कडेचे आखूड, आणि बांधाच्या जागी कोंबड्याची लाल फुले दाटीने बसवा. मात्र एक सांगून ठेवते. तो मुकुट देवाचा आहे. त्याची नक्कल करून विकावयाचा नाही, आणि मोरपिसे तर आपल्या कामाला मुळीच नकोत. घ्यावयाचा आहे तो फक्त एका बांधातून उमलण्याचा गुण. ज्यांची ती कला आहे ते लोक या सभेत बसले आहेत. माझे चुकत असेल तर त्यांनी मला येथेच टोकावे.

याच ओघात गोंडी चित्रांचेही बोलावयास हवे, कारण हल्ली शहरातील सजावटवाले त्याचे नाव फार घेतात. ती प्रसिद्ध चित्रे मध्य प्रदेशातील पाटनगडच्या परधान गोंड कलावंतांची, विशेषतः जनगढ सिंह श्याम यांच्यापासून पुढे आलेली. ते १९६२ ते २००१ एवढे थोडेच जगले. ठिपके, छोट्या रेघा, खवले अशा एकाच खुणेने अख्खे हरीण किंवा झाड भरून टाकणे, ही त्यांची खुबी. ती घेण्यासारखी आहे. पण ती आपल्या पहाडावरची जुनी कला म्हणून कोणी खपवू लागला तर तसे नाही, हे त्याला सांगा.

बुरुडकामाबद्दल लांब बोलत नाही. टोपली ही फुलांचे भांडे म्हणून सगळ्यांनाच सुचते. माझे सांगणे एवढेच की, तिची वीण झाकू नका. शहरात टोपलीला सोनेरी रंग फासतात, तसे करू नये. दुरडीच्या आत मातीचे किंवा पत्र्याचे पाण्याचे भांडे ठेवा आणि फुले एका बाजूला घ्या, अर्धी वीण दिसू द्या. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. आपल्या धुऱ्यावर बांबू लावला असेल तर तो या कामालाही येतो.

आता जरा दूरचे. तुम्ही म्हणाल, फुले असतील तेव्हा ठीक, पण मार्चनंतर पहाडावर पाणी नाही, मग फूल कोठून आणावयाचे? येथे जपानी लोकांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांची इकेबाना ही पुष्परचना फार कमी फुलांवर चालते. तीन मुख्य फांद्या घेतात, एक लांब, दुसरी तिच्याहून आखूड, तिसरी त्याहून आखूड, आणि त्यांच्यामधली मोकळी जागा ही रचनेचा भाग धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे युरोपातील नवी फुले आली. ती बुटकी, जुन्या उंच भांड्यांत बसेनात. तेव्हा ओहारा उन्शिन या कलावंताने पसरट, उथळ भांड्यात रचना करण्याची नवीनच पद्धत काढली. म्हणजे फूल बदलले तेव्हा त्याने भांडे बदलले, फुलावर रागावला नाही. आपल्याकडे फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलते, वैशाखात बहावा. त्या वेळी झेंडूचा हट्ट सोडावा. परातीत ओली माती थापावी, पळसाची एक वाकडी फांदी, एक सावरीची कळीदार डहाळी आणि खाली मूठभर हिरवे. पाणी तांब्याभर लागते. फांदी मात्र आपल्या धुऱ्यावरच्या झाडाची असू द्या, आणि एका झाडाच्या दोन फांद्यांहून अधिक तोडू नका.

हॉलंडमध्ये सतराव्या शतकात फुलदाणीची चित्रे काढणारे मोठे चित्रकार होऊन गेले. त्यांच्या चित्रांत वसंतातील ट्यूलिप आणि उन्हाळ्यातील गुलाब एकाच फुलदाणीत दिसतात. प्रत्यक्षात ती फुले एका वेळी फुलत नाहीत. चित्रकार प्रत्येक फुलाचे वेगळे चित्र त्याच्या हंगामात काढून ठेवी आणि मग सगळी एकत्र आणी. आपण हे वाळवणाने करू शकतो. कोंबडा आणि गोम्फ्रेना, म्हणजे ते बटनासारखे गोल गुलाबी फूल, ही वाळल्यावरही रंग टिकवून धरतात. पूर्ण रंगावर आलेली फुले दांड्यासह तोडावीत, पाने काढावीत, पाच-सहा दांड्यांची जुडी उलटी टांगावी. जागा अंधारी आणि हवेशीर हवी. उन्हात वाळविल्यास रंग उडतो. दोन-तीन आठवड्यांत माल तयार होतो आणि दसऱ्याचे फूल माघात विकता येते.

त्या हिरव्या स्पंजचेही सांगून टाकते. तो १९५४ साली अमेरिकेत निघाला. तो एक प्रकारचे प्लास्टिकच आहे, मातीत कुजत नाही, चुरा होऊन पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. आपल्या राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, हे तुम्ही जाणताच. म्हणजे जी गोष्ट पैसे देऊन आणावी लागते ती बाहेरचे लोक टाकून देत आहेत. केळीच्या बुंध्याचे वितीएवढे तुकडे आडवे ठेवून त्यांत सुरीच्या टोकाने भोके पाडली की दांडा घट्ट बसतो आणि ओलावाही मिळतो. बुंधा नसल्यास परातीत ओली चिकणमाती किंवा गोळा केलेली कोंबड्यांची जाळी. काम झाल्यावर बुंधा खताच्या खड्ड्यात.

आता हे सगळे शेतात कसे आणावयाचे? रचना ठरली की तोडणी बदलते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पोत्यात सुटा विकावयाचा झेंडू आपण बिनदेठाचा खुडतो. थरांच्या रचनेला दीड-दोन इंच देठ हवाच, नाही तर फूल आत दाबले जात नाही. ओवण्यासाठी सगळी फुले एका आकाराची हवीत, म्हणून रोज तोडणी करताना दोन टोपल्या सोबत ठेवाव्यात. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे दोन वाण आहेत. पहिला नारिंगी, दुसरा पिवळा. दोन्ही थोडे थोडे लावल्यास रंगांची जोडी घरचीच मिळते. झेंडूशेजारी कोंबड्याच्या दोन ओळी टाकाव्यात.

कुरडूचे तुम्हांला हसू येईल. कापूस-सोयाबीनमध्ये हे तण आहे, आणि कोवळे असताना आपण त्याची भाजी करतो. मी ते पिकात राहू द्या असे म्हणत नाही. धुऱ्यावर आणि पडीक तुकड्यावर जे उगवते त्याचे गुलाबी-रुपेरी तुरे भरले की बी गळण्याच्या आत कापावेत. बी एकदा पडले की पुढच्या वर्षी निंदणाचा खर्च वाढतो. म्हणजे तोडणीने तणही आटोक्यात राहते. तिकडे या तुऱ्यांना रंगात बुडवून वापरतात. रासायनिक रंग पुढे तळ्यातच जातो, तेव्हा रंगवावयाचेच असेल तर होळीच्या सुमारास वाळवून ठेवलेल्या पळसफुलांचे उकळलेले पाणी पाहावे. मला विचाराल तर न रंगविलेला तुराच सुंदर दिसतो. तरवड मात्र सगळ्यांनी मिळून ओरबाडला तर दोन-चार वर्षांत उतार उघडे पडतील. त्याचे बी धुऱ्यावर टोकावे. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि पाणी मागत नाही, हा मोठा गुण.

वेळेचे सांगावयाचे राहिले. झेंडूची आखणी आपण इंग्रजी तारखेने करतो आणि दसरा तिथीने येतो. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. तीन वर्षांत बावीस दिवसांचा फरक! रोप महिन्याचे झाल्यावर लावतो, लागणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी फूल सुरू होते, मग पुढे दोन-तीन आठवडे चांगला बहर. तेव्हा मृगाच्या आधी पंचांग उघडावे, दसऱ्यापासून मागे मोजावे आणि रोपवाटिकेत बी एकदम न टाकता दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा टाकावे. पहिल्या लागणीचे फूल बतुकम्माच्या नऊ दिवसांना मिळेल, दुसऱ्याचे दसऱ्याला आणि पुढे दिवाळीला. बतुकम्माला फूल घेणारे गाव पहाडावरून उतरले की लगेच आहे. चंद्रपूरच्या बाजारात दसऱ्याला एका दिवसात विकण्यापेक्षा तेथे नऊ दिवस विकता येते. भाव विचारून यावा, अंदाजाने गाडी भरू नये.

तोडणी उजाडताना करावी. फुलावर पाणी मारून वजन वाढविण्याचा मोह काहींना होतो. त्या फुलाला पोत्यात वाफ धरते आणि गडचांदूरपर्यंत ते काळे पडते. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी बांबूची पाटी घ्या, बाहेरून ओले गोणपाट गुंडाळा, फुलांवर फुले हातभरापेक्षा उंच रचू नका.

एका भगिनीने सुरुवातीलाच विचारले की, आम्ही सगळ्यांनी तोरणेच केली तर तोरणांचेही ढीग पडतील, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि पडतीलही. म्हणून गटागटांनी आपापसांत ठरवून घ्यावे. ज्या वस्तीत भरतकामाचा हात आहे तिने पाकळ्यांची रांगोळी आणि गालिचे करावेत. ज्यांच्या सोयरिकी पलीकडे आहेत त्यांनी थरांचे काम घ्यावे. मराठवाड्यातून आलेल्या घरांतील बायकांचा वेण्या-गजऱ्यांचा हात चांगला आहे, असे मला सकाळच्या भेटीत दिसले. बुरुडांनी टोपली द्यावी आणि तिचे पैसे रोख घ्यावेत, उधारी ठेवू नये.

आता बोलणे पुरे. जेवणानंतर आपण मागच्या शाळेच्या ओसरीवर बसणार आहोत. मी या वेळी नागपूरहून एकही फूल आणलेले नाही. येताना प्रत्येकीने घरची परात, भोपळ्याची चार पाने, सुई-दोरा आणि वाटेत जे फुललेले दिसेल ते ओंजळभर आणावे. कात्री नसली तरी चालेल. पुरुष मंडळींनी केळीचा एक बुंधा तेवढा तोडून आणावा.